शून्य नंबरचा कोट

"बाबा, एकाही कोटात बोटभर फरक निघणार नाही! निघाला तर मी जन्मभर काज-बटणंच करीन!"

सूनबाईंनी ही प्रतिज्ञा भर दुकानात केली. साक्षीला दोन कारागीर, सासूबाई आणि खिडकीतला बिनडोक्याचा पुतळा. पुतळ्याला डोकं नव्हतं म्हणून तो गप्प राहिला. बाकीच्यांना होतं, म्हणून तेही गप्प राहिले.

शिंप्याचं हे दुकान घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत होतं. गिऱ्हाइकाची मापं घ्यायची ती सासऱ्यांनीच. चाळीस वर्षं मापाची टेप त्यांच्या गळ्यात असायची, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. कापायला-शिवायला आतल्या खोलीत दोन कारागीर. इस्त्री सासूबाईंकडे. राहता राहिली काज-बटणं, ती सूनबाईंच्या वाट्याला आली होती. लग्नाला चार वर्षं झाली होती. तेवढ्यात लावलेली बटणं एका रेघेत मांडली असती, तर गावाच्या वेशीला शिवून परत आली असती!

पण यंदा सूनबाई दोन महिन्यांचा संगणकाचा वर्ग करून आल्या होत्या. तोही साधासुधा नव्हे, तक्त्यांच्या प्रोग्रॅमिंगचा!

"आडव्या असतात त्या ओळी, आई, आणि उभे असतात ते रकाने. आपण नुसता एक हुकूम टाईप करायचा, की हजार ओळी कवायतीसारख्या जागच्या हलतात!"

"हजार?" सासूबाई इस्त्री फिरवत म्हणाल्या. "या घरातली दोन माणसं जेवायला तीन हाका मारल्याशिवाय हलत नाहीत. त्यांना देता येईल का गं हुकूम?"

अशातच गावातल्या हौशी वाद्यवृंदाचं काम आलं. रविवारी संध्याकाळी नाट्यगृहात त्यांचा मोठा कार्यक्रम होता. चोवीस वादक, चोवीस गडद निळे कोट. सूनबाईंनी पदर खोचला आणि वर सांगितलेली प्रतिज्ञा केली.

सासऱ्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "ठीक. चोवीसच्या चोवीस कोट अंगासरशी बसले, तर दुकानातलं मापाचं काम तुझं. नाही बसले, तर ते यंत्र माळ्यावर आणि तू बटणांवर. कबूल?"

"कबूल!"

सासऱ्यांनी मापं घेतली. एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक ते चोवीस नावं लिहिली. एक नंबरला संचालक. हे गृहस्थ दारातून आत आले की दुकानात संध्याकाळ व्हायची, एवढा त्यांचा घेर. दोन नंबरला बासरीवाला. तो बासरी घेऊन उभा राहिला की दोघांत बासरी कोणती हे विचारावं लागे. तीनला ढोलवाले काका, ताडमाड उंच. चारला व्हायोलिनवाल्या बाई, चिमणीएवढ्या. असं करत करत चोवीस नंबरला झांजवाल्या मावशी.

सासरे सांगत गेले, सूनबाई टाईप करत गेल्या. नाव, छाती, कंबर, खांदा, बाही, असे पाच रकाने आणि चोवीस ओळी. मग सूनबाईंनी कारागिरांसाठी मापाच्या चिठ्ठ्या छापायला घेतल्या, आणि तिथेच माशी शिंकली. संचालकांचं नाव पदव्यांसकट दीड ओळ खात होतं! चिठ्ठी पाकिटावर मावेना.

"नाव हवंय कशाला?" सूनबाई स्वतःशीच म्हणाल्या. "प्रत्येक ओळीला यंत्र आपसूक नंबर देतं. तो पुरे!"

आणि त्यांनी नावांचा अख्खा रकाना एका हुकमात उडवून टाकला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हे यंत्र ओळी मोजतं ते शून्यापासून. पहिली ओळ शून्य, दुसरी एक, तिसरी दोन. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. वर्गात हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि सूनबाईंच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते जगाला माहीत नसेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. चिठ्ठ्या निघाल्या त्या शून्य ते तेवीस!

कारागिरांना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. चिठ्ठीवरचं माप बघायचं, कापायचं, शिवायचं, कागदात गुंडाळायचं आणि चिठ्ठी वर डकवायची. शुक्रवारी दुपारी चोवीस पाकिटं तयार! आणि नेमक्या त्याच वेळी सूनबाई कुठे होत्या? वर्गातल्या सरांना आपला प्रोग्रॅम दाखवून शाबासकी मिळवायला गेल्या होत्या!

मग वादक आले तेव्हा पाकिटं वाटली सासऱ्यांनी. पुठ्ठ्यावरचा नंबर बघायचा, तोच नंबर असलेलं पाकीट द्यायचं. सरळ काम. पहिल्यांदा हाताला लागलं ते शून्य नंबरचं पाकीट.

"शून्य नंबरचा माणूस कुठे असतो का?" सासरे पुटपुटले. "नमुन्याचा कोट असेल." आणि ते पाकीट फळीवर गेलं.

एक नंबरचं पाकीट संचालकांनी नेलं. त्यात अर्थात बासरीवाल्याचा कोट होता. दोन नंबरचं बासरीवाल्याने नेलं. त्यात ढोलवाल्या काकांचा. ढोलवाल्या काकांनी चिमणीचा नेला. असे सगळे शेजाऱ्याचे कोट काखोटीला मारून हसतमुखाने घरी गेले. झांजवाल्या मावशी तेवढ्या तालमीला अडकल्या होत्या, त्या उद्या येणार होत्या.

शनिवारी सकाळी दुकान उघडायला आणि संचालक आत शिरायला एक गाठ पडली. त्यांनी मागे वळून रस्ता न्याहाळला, दार लोटून घेतलं आणि सूनबाईंना कोपऱ्यात बोलावलं.

"बाई, कुणाला बोलणार नसाल तर सांगतो. मी सुटलोय."

"कुठून सुटलात?"

"अहो, अंगाने सुटलोय! मापं देऊन आठ दिवस झाले नाहीत, आणि कोटात माझा एक हात जातोय. एकच! दुसरा बाहेर. बायको म्हणते, रोज वाढून घेताना कळत नव्हतं का! काल दुपारपासून अन्नाला शिवलो नाही. चार बोटं सैल करून द्या हो, पाया पडतो."

सूनबाईंना दया आली. शंका यायला हवी होती, पण दया आली. "काळजी करू नका काका," म्हणत त्यांनी कोट घेतला आणि शिवण उसवून सैल करून ठेवला.

संचालक पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने बासरीवाला आला. चेहरा पांढराफटक.

"ताई, मी झिजतोय."

"म्हणजे?"

"कालपासून वजनकाट्यावर सात वेळा उभा राहिलो. काटा म्हणतो सगळं ठीक आहे. कोट म्हणतो मी निम्मा राहिलोय! कोणाचं ऐकू? आईला काही सांगू नका, ती रडेल."

सूनबाईंनी त्यालाही धीर दिला आणि कोट ठेवून घेतला. मग ढोलवाले काका आले. त्यांच्या बाह्या कोपराशीच संपत होत्या. "या वयात माणसाचे हात वाढतात का हो?" त्यांनी हळूच विचारलं. व्हायोलिनवाल्या बाई आल्या त्या कोट अंगात घालूनच, म्हणजे आधी कोट आला आणि आतून आवाज आला, "ताई, मी आटले का?"

गंमत बघा! जो येई तो एकटा येई, चोरपावलांनी येई, आणि 'कुणाला सांगू नका' म्हणून जाई. ज्याला त्याला आपलंच अंग फितूर झालंय असं वाटत होतं. त्यामुळे कुणी कुणाशी बोलेना आणि काही उलगडेना. सूनबाईही प्रत्येकाला 'हवा बदललीये, होतं असं' सांगून मोकळ्या होत होत्या.

आणि मग झांजवाल्या मावशी आल्या. त्यांना लाजबीज काही नव्हती. चोरपावलं तर त्यांना माहीतच नव्हती.

"माझा कोट कुठाय?" आवाज असा, की खिडकीतला पुतळा हलला. "तेवीस जणांना कोट, आणि मी काय टॉवेल गुंडाळून झांजा वाजवू? चोवीस नंबरचं पाकीटच नाही म्हणतात तुमचे कारागीर!"

चोवीस नंबरचं पाकीट नाही! सूनबाईंचं लक्ष फळीवर गेलं. तिथे शून्य नंबरचं पाकीट आरामात पडलं होतं. एका क्षणात लख्ख उजेड पडला. कोट सगळे बरोबर होते. माणसं सगळी बरोबर होती. फक्त सगळ्यांचं एकेक घर सरकलं होतं!

"मावशी, उद्या नाट्यगृहात तुमचा कोट तुमच्या हातात देते. शब्द!" त्यांनी मावशींना कशीबशी वाटेला लावलं आणि फोन घेऊन बसल्या. "कोटांना शेवटची इस्त्री राहिलीये, पाकिटं दुकानात आणून द्या, उद्या नाट्यगृहातच मिळतील." सगळ्यांनी आनंदाने आणून दिली. आपलं माप न मानणारा असा कोट घरात कुणाला हवा होता?

दुपारी सासरे वामकुक्षीला गेल्याबरोबर सूनबाईंनी उसवलेला कोट पुन्हा शिवला आणि यंत्र उघडलं. एका ओळीचा हुकूम: नंबर एकपासून सुरू कर! चिठ्ठ्या नव्याने छापल्या, एक ते चोवीस, आणि पाकिटांवर जुन्यांच्या जागी डकवल्या. मग सासूबाईंचा हात धरला.

"आई, चूक माझीच. बाबा एकपासून मोजतात, तर मीही एकपासून मोजायला हवं होतं. आता दुरुस्त केलंय. पण बाबांना सांगू नका, नाहीतर यंत्र माळ्यावर जाईल. शब्द द्या."

"दिला." सासूबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या एकदा गप्प राहायचं म्हणाल्या, की भिंतीने बोलावं पण त्यांनी बोलू नये.

रविवारी सकाळी सूनबाई आंघोळीला गेल्या, आणि सासरे खोडरबर घेऊन सासूबाईंच्या शेजारी येऊन बसले.

"अगं, ऐक. काल त्या झांजवालीचा आरडाओरडा मी आतून ऐकला. मग ते फळीवरचं पाकीट चाचपून पाहिलं. एवढा घेर गावात एकाच माणसाचा! तेव्हा कळलं. पोरीचं यंत्र शून्यापासून मोजतं. तिचं काही चुकलं नाही, माझाच अडाणीपणा. चोवीस कोट बिनचूक केलेत बघ तिने!" बोलता बोलता त्यांनी पुठ्ठ्यावरचे नंबर खोडून नवे लिहिले. संचालक शून्य, बासरीवाला एक, ढोलवाले दोन... झांजवाल्या मावशी तेवीस. "झालं. आता तिच्या चिठ्ठ्यांशी जमेल. पण तिला सांगू नकोस. एवढ्या हौसेनं केलंय, हिरमुसेल. शब्द दे."

"दिला," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना खरंच फार बरं वाटलं. सुनेने दुरुस्ती केली, नवऱ्यानेही केली. म्हणजे दोन्ही अंगांनी टीप पडली! आता उसवायचं नावच नको!

संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं. रंगमंचाच्या मागच्या खोलीत टेबलावर पाकिटांचा ढीग, दाराला सासऱ्यांचा पुठ्ठा. आपलं नाव बघावं, नंबर बघावा, पाकीट उचलावं, इतकं सोपं. सूनबाई विंगेत उभ्या राहून मनातल्या मनात टेप गळ्यात घालून बघत होत्या. सासरे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर आपण दुसऱ्याला कसं सांभाळून घेतलं याचं समाधान नुसतं ओसंडत होतं.

आणि आतून पहिली आरोळी आली. "ताई! मी पुन्हा झिजलो!"

बासरीवाला बाहेर आला. म्हणजे एक भलामोठा निळा तंबू बाहेर आला आणि त्यातून बासरीचं टोक दिसलं. त्याच्या मागून ढोलवाले काका, बासरीवाल्याच्या कोटात. उभे होते, पण श्वास घ्यायची सोय नव्हती. व्हायोलिनवाल्या बाईंच्या बाह्या जमीन झाडत होत्या. एकामागून एक सगळे आले आणि प्रत्येकाच्या अंगावर भलत्याचंच माप! शेवटी आले संचालक. कोटाशिवाय, लालबुंद.

"माझ्या नावापुढे शून्य?" ते गरजले. "तीस वर्षं हा वाद्यवृंद चालवला, आणि माझी किंमत शून्य? कोट न देता अपमान करायचा होता, तर घरी येऊन करायचा!"

"शून्य?" सूनबाई किंचाळल्या. "शून्य कुणी लिहिलं? मी तर चिठ्ठ्या एकपासून केल्या!"

"एकपासून?" सासरे ओरडले. "अगं, तू शून्यापासून मोजतेस म्हणून मी पुठ्ठा शून्यापासून केला!"

"अहो बाबा, तुम्ही एकपासून मोजता म्हणून मी बदललं!"

"मला सांगायचंस की!"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत!"

मग दोघांचीही मान हळूहळू सासूबाईंकडे वळली.

"माझ्याकडे काय बघता?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दोघांनी गप्प राहायचा शब्द घेतला होता. मी दोघांचाही पाळला."

तेवढ्यात दुसरी घंटा झाली! आतले वादक बाहेर पळू लागले, बाहेरचे आत. कुणी म्हणालं सगळे कोट काढून टाका, कुणी म्हणालं कार्यक्रमच काढून टाका. बासरीवाला तंबूत बसून घेतो म्हणाला. सूनबाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तक्ता आला. आडव्या ओळी, उभे रकाने. ओळी म्हणजे माणसं. आणि कोट? कोट म्हणजे एक रकाना!

"थांबा!" सूनबाईंनी आयुष्यात प्रथमच वडीलधाऱ्यांना हुकूम सोडला. "कुणी पळू नका! सगळे रंगमंचावर, पुठ्ठ्यावरच्या क्रमाने, एका ओळीत! संचालक काका या टोकाला, झांजवाल्या मावशी त्या टोकाला! माणूस जागचा हलणार नाही. फक्त कोट हलेल! मी म्हटलं की कोट काढायचा, डावीकडच्याला द्यायचा, आणि उजवीकडून आलेला घालायचा!"





चोवीस जण पडद्यामागे ओळीत उभे राहिले. उरलेलं चोवीस नंबरचं पाकीट घेऊन सूनबाई मावशींच्या बाजूच्या विंगेत. ढोलवाल्या काकांना श्वास येत नव्हता, पण हात मोकळे होते. ते म्हणाले, "ठेका धरतो. म्हणजे सगळे एकदम हलतील." आणि त्यांनी ढोलावर दिला ठेका. धडाम् धडाम्!

पडदेवाल्याला काय ठाऊक? त्याला वाटलं, सुरू झालं. त्याने दोरी ओढली!

पडदा वर गेला आणि हजार डोळ्यांसमोर तेवीस वादक एका तालात कोट काढताना दिसले! धडाम्, कोट अंगातून बाहेर. धडाम्, कोट डावीकडे. धडाम्, आलेला कोट अंगात! तंबू बासरीवाल्यावरून उडाला तो थेट संचालकांच्या खांद्यावर जाऊन बसला. ढोलवाल्या काकांनी ठेका न सोडता एका हाताने कोट चढवला आणि 'हा!' करून पोटभर श्वास घेतला. शेवटचा कोट सूनबाईंच्या हातून मावशींच्या अंगावर गेला, आणि मावशींनी न सांगता झांज हाणली. झण्ण!

मग टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, हाच कार्यक्रमाचा पहिला भाग. काय तालीम, काय शिस्त! शिट्ट्या काय, रुमाल काय!

सूनबाई मात्र टाळ्या ऐकत नव्हत्या. त्या कोट बघत होत्या. चोवीस कोट, चोवीस अंगं. एक सुरकुती नाही, एक झोळ नाही. बाह्या मनगटाशी, खांदे खांद्याशी. संचालकांचं पोटावरचं बटणदेखील सुखाने लागलं होतं! मागून सासरे आले. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि गळ्यातली टेप काढून सुनेच्या गळ्यात घातली.

"बाबा!" सूनबाईंनी टेपेचं टोक घट्ट धरलं.

"बोटभरही फरक नाही," सासरे म्हणाले. "उद्यापासून मापं तुझी. शून्यापासून मोज नाहीतर शंभरापासून. मला फक्त सांगून मोज."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. किती गोड क्षण होता तो! आणि त्याच क्षणी मागच्या रांगेतून कुणीतरी हात तोंडाशी धरून ओरडलं.

"वन्स मोअर!"

"वन्स मोअर! वन्स मोअर!" सगळं नाट्यगृह एका सुरात.

संचालकांनी लवून नमस्कार केला. त्यांचे डोळे चमकले. तीस वर्षांत त्यांना कुणी वन्स मोअर दिला नव्हता! माणूस कितीही शहाणा असो, वन्स मोअरपुढे कुणाचं डोकं जागेवर राहिलंय?

"नको!" सूनबाई सासऱ्यांना घेऊन मागच्या मागे संचालकांच्या बाजूच्या विंगेत धावल्या आणि हात हलवू लागल्या. "काका, नको! आता बरोबर आहे! हलवू नका!"

"त्या बघा, ताई खूण करताहेत," ढोलवाले काका म्हणाले. "चला!"

धडाम्, धडाम्, धडाम्! चोवीस कोट पुन्हा एक घर डावीकडे सरकले. झांजवाल्या मावशी बिनकोटाच्या उरल्या. संचालकांचा तंबू विंगेत सासऱ्यांच्या डोक्यावर येऊन पडला. आणि बासरीवाल्याच्या कोटात दोन्ही हात कसेबसे कोंबून, भरल्या डोळ्यांनी प्रेक्षकांना वंदन करून, संचालकांनी वादन सुरू करायला दोन्ही हात झोकात वर केले.

टर्रर्र!

मानेपासून कमरेपर्यंत.

मग मागच्या रांगेतून तोच आवाज आला. "वन्स मोअर!"

सासऱ्यांनी डोक्यावरचा तंबू हळूच बाजूला केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्या दुकान जरा लवकर उघड हो."